डब्यातली सतरा बेअरिंगं

वार्षिक क्षमता-पत्रक, यंत्र-आवार क्रमांक दोन. रकाना एक, पदनाम: ज्येष्ठ चाक-तपासनीस (ओढीची यंत्रे). रकाना दोन, वय: चोपन्न. रकाना तीन, उंची: मध्यम. रकाना चार, ओळखीची खूण: डाव्या अंगठ्याचे नख कायमचे काळे. रकाना पाच, श्रवणशक्ती: उत्तम. रकाना सहा, विशेष कौशल्य: चाकाच्या बेअरिंगमधील दोष चाक न उघडता, केवळ कानाने ओळखणे. रकाना सात, सहकाऱ्यांशी संबंध: सलोख्याचे, एक सहकारी नात्यातील. शेरा: सदर कर्मचाऱ्याच्या निर्णयावर आवाराचा संपूर्ण विश्वास आहे.

या पत्रकातली नखाची नोंद बिनचूक आहे.

सदर कर्मचाऱ्याला आवारात कुणी नावाने हाक मारत नसे. त्याला सगळे कानसेन म्हणत. ज्याला गाता येत नाही पण गाणं कळतं, अशा माणसासाठी हा शब्द आहे. याला गाणंही कळत नसे. चाक मात्र कळे.

आवार रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचं होतं. गाडीमागे जोडून ओढत न्यायची यंत्रं तिथे उभी असत: कॉम्प्रेसर, जनरेटर, पाण्याच्या टाक्या, डांबर तापवायची भट्टी, उंच खांबावरचे दिवे. ही यंत्रं जागेवर कितीही गरजली तरी रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या मागून मुकाट जातात, त्यामुळे त्यांच्या चाकांकडे कुणाचं लक्ष नसतं. चाकाच्या पोटात दोन बेअरिंगं असतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. ती झिजली की आधी कुरकुरतात, मग तापतात, मग धूर काढतात, आणि तरीही कुणी दखल घेतली नाही तर चाक आस सोडून निघतं आणि ओढणाऱ्या गाडीच्याही पुढे जातं. स्वतःच्याच ट्रेलरचं चाक आपल्याला ओलांडून पुढे गेलेलं पाहिलेला एक ड्रायव्हर आवारात होता. तेव्हापासून तो शांत स्वभावाचा झाला होता.

असं पुन्हा होऊ नये म्हणून कानसेन होता. बाहेरून आलेला प्रत्येक ट्रेलर तो जॅकने उचलायचा, आसाखाली लोखंडी घोडी लावायचा, चाक वर-खाली धरून हलवून बघायचा आणि मग हाताने गरकन फिरवायचा. फिरत्या चाकामागे, आसाच्या मुळाशी, तो एका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवी आणि मूठ कानामागच्या हाडाला लावी. डोळे मिटलेले. आवारातली माणसं तेवढा वेळ चालणंही थांबवत. मग तो दोहोंपैकी एक वाक्य बोले. "बोलतंय" म्हणाला तर बेअरिंग बदलायचं. "गप्प आहे" म्हणाला तर पत्रकावर त्याची सही आणि ट्रेलर रस्त्यावर. यावर अपील नव्हतं. मॅनेजर स्वतः इंजिनियर होता, पण त्यानेही कधी "नक्की ना?" असं विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

नात्यातला सहकारी म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी कानसेनानेच त्याला आवारात चिकटवला, हातोडा कसा धरायचा इथपासून शिकवला, आणि त्याच्या लग्नात स्वतःचा पान्यांचा दुसरा संच आहेर म्हणून दिला. शिकवलेलं सगळं मेहुण्याने घेतलं. एक गोष्ट तेवढी घेतली नाही. चाकाचा नट सुटू नये म्हणून त्यातून एक मऊ पिन घालतात आणि तिचे दोन पाय वळवतात. कानसेन एक पाय आसाच्या टोकावर वर वळवायचा आणि दुसरा मुळाशी कापून टाकायचा. मेहुणा दोन्ही पाय दोन बाजूंना नेऊन नटाला मिठी मारल्यासारखे वळवायचा. दोन्ही पद्धती बरोबर होत्या. कानसेनाच्या मते एकच बरोबर होती. "पिन म्हणजे फिटरची सही असते," तो म्हणायचा, "आणि तुझी सही बायकी आहे." यावर मेहुणा हसायचा आणि पुढची पिन पुन्हा मिठी मारूनच लावायचा.

फाटकाबद्दलही सांगायला हवं. आवाराच्या फाटकाशी पत्र्याची एक खोली होती, खोलीत खुर्ची, खुर्चीत एक म्हातारा फिटर. त्याचे गुडघे गेल्यावर कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याला तिथे बसवून आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या मोजायला लावलं होतं. कानसेन एकदा चहाच्या वेळी त्या खोलीकडे बघत म्हणाला होता, "मला त्या खुर्चीत बसवलंत ना, तर दुसऱ्या दिवशी मी घरी बसेन. आणि घरी बसलो तर फार दिवस बसणार नाही." सगळे हसले. पण काही जणांनी ते लक्षात ठेवलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

सुरुवात दिव्यांच्या खांबापासून झाली. त्या ट्रेलरच्या एका चाकातून ग्रीस गळून रिमवर ओघळलं होतं, म्हणून कानसेनाने ते उघडायला घेतलं. दोनच महिन्यांपूर्वी त्याने ते चाक तपासून "गप्प आहे" म्हटलं होतं. त्याने हातोडीने टिचक्या मारत टोपण काढलं, आणि आत पाहिलं तर नटाला पिनेने मिठी मारलेली.

त्याने बेअरिंग बाहेर काढलं. रोलर लखलखत होते. ते त्याने पास केलेलं बेअरिंग नव्हतंच, कोरं करकरीत होतं.

कुणाला काही न बोलता त्याने पुढच्या आठ दिवसांत आणखी तीन ट्रेलर उघडले. तिन्ही त्यानेच पास केलेले. तिन्हींत नवी बेअरिंगं आणि मिठ्या.

चोर नवं घालून जुनं कशाला नेईल, हा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. पडला, आणि त्याने त्याचं उत्तरही शोधलं. नवं दिसतं ते नकली असणार. डबी नामांकित कंपनीची, आत भलताच माल. जुनं अस्सल बेअरिंग बाहेर विकायचं आणि त्या जागी हा चकचकीत कचरा बसवायचा. खात्री करण्यासाठी त्याने ती नवी बेअरिंगं कानाला लावून पाहिली. गप्प होती. पण त्याने काय सिद्ध होतं? हल्ली सगळीच गप्प असायची. बेअरिंगांचा दर्जा फार सुधारलाय, असं तो गेल्या वर्षभरात दोनदा म्हणालाही होता, आणि तेव्हा आजूबाजूच्यांनी जरा जास्तच जोरात माना डोलावल्या होत्या.

ते आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही. बेअरिंगांचं त्याला तितकंसं नव्हतं, ती कंपनीची होती. पण मेहुण्याने त्याच्या सहीखाली हात घातला होता. ज्या हाताला त्याने हातोडा धरायला शिकवलं, तोच हात.

नवव्या दिवशी चहाच्या वेळी त्याने विषय काढला. शेडमध्ये चौघं होते: मेहुणा, शांत स्वभावाचा ड्रायव्हर, मॅनेजर आणि कचेरीतून चहासाठी आलेल्या पत्रकवाल्या बाई, ज्या आवारातला प्रत्येक रकाना भरत असत.

"काय रे," कानसेन म्हणाला, "रविवारी आवारात येतोस म्हणे."

"येतो कधी कधी," मेहुणा म्हणाला.

"रविवारी काय असतं इथे?"

"शांतता असते, भावोजी."

"शांतता घरी नाही मिळत?"

"घरी माझी बायको आहे ना, तुमची मानलेली बहीण," मेहुण्याने हसून बघितलं. कुणी हसलं नाही.

"माझी चाकं उघडतोस?"

मेहुण्याने कप खाली ठेवला. "उघडतो."

"आणि माझी बेअरिंगं?"

"काढतो."

"ऐकलंत?" कानसेन मॅनेजरकडे वळला. "सगळ्यांसमोर कबूल केलं. मी सांगितलं असतं तर म्हणाला असता, भावोजींना भास होतात."

मॅनेजर आपल्या कपात बघत काहीतरी पुटपुटला. कानसेनाला ते कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. हल्ली लोक पुटपुटतात फार, असं त्याचं मत झालं होतं.

मेहुणा उठला, आपल्या कपाटाकडे गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा घेऊन आला. डब्यात झिजलेली बेअरिंगं होती, सतरा. प्रत्येकाला तारेने चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर ट्रेलरचा नंबर, कुठलं चाक, तारीख. अक्षर मेहुण्याचं, म्हणजे वाचायला कठीण, पण नोंद चोख.

"घ्या! मुद्देमालच घेऊन आला," कानसेन म्हणाला. त्याला मनातून जरा वाईटही वाटलं. पोरगा चोरीतही नीटनेटका होता. त्याने वरचंच एक बेअरिंग उचललं, डाव्या हाताची बोटं त्यात घालून ते कानाजवळ धरलं आणि उजव्या हाताने फिरवलं. डोळे मिटले. सवयीने सगळे स्तब्ध झाले.

"गप्प आहे," कानसेन डोळे उघडून म्हणाला. "ऐका तुम्हीच. तेलासारखं फिरतंय. असं बेअरिंग काढून टाकतो हा."

त्याने ते ड्रायव्हरच्या दिशेने धरून पुन्हा फिरवलं. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरचा चेहरा घासात खडा लागावा तसा झाला. बाईंनी पदराशी चाळा सुरू केला. मॅनेजर शेडचं छप्पर बघत होता, जणू ते आजच बांधलंय.

चेहरे वाचण्यात कानसेन तरबेज होता. गेलं वर्षभर तो चेहरेच वाचत होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. त्याने बेअरिंग खाली घेतलं आणि जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. रोलर बाजूला सारून अंगठ्याचं काळं नख आतल्या कड्यावरून फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं. कडं आतून पार खड्ड्याखड्ड्यांचं झालं होतं.

त्याने दुसरं उचललं. मग तिसरं. अशी पाच बेअरिंगं झाली.

"हे वाजतंय का?" शेवटी त्याने ड्रायव्हरला विचारलं.

"वाजतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"किती?"

"रस्त्यापलीकडे जाईल इतकं."

कानसेनाने बेअरिंग डब्यात ठेवलं, चिठ्ठी वर येईल असं. "कधीपासून?" त्याने मेहुण्याला विचारलं.

"मागच्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या चाकातून धूर आला, तेव्हापासून. तुम्ही आदल्या दिवशी ते पास केलं होतं. मला वाटलं, एखादं सुटतं. कुणाचं सुटत नाही? मग मी एकदा चहाच्या वेळी तुम्हाला एक बेअरिंग आणून दिलं होतं. म्हटलं, हे कसं वाटतं बघा. आठवतंय?"

आठवत होतं. "मी म्हटलं, मस्त आहे, वापर."

"ते मी भंगारातून आणलं होतं, भावोजी."

"म्हणजे परीक्षा घेतलीस माझी."

"हो."

"आणि निकाल सगळ्यांना कळवलास. एक परीक्षा दिलेला सोडून."

"अहो कानसेन," ड्रायव्हर मध्ये पडला, "तुमच्यासाठीच केलं ना सगळ्यांनी. तुम्ही म्हणाला होतात, फाटकावर बसवलं तर…"

"ते ऐकलंत, बरं झालं. आवारात कुणाचे तरी कान शाबूत आहेत."

बाईंना हसू आलं आणि त्या कचेरीत निघून गेल्या. कानसेन डब्यातल्या चिठ्ठ्या चाळत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. झिजलेलं यंत्र उघडलं की त्याचा चेहरा जसा व्हायचा तसाच होता. मग तो थांबला.

"शनिवारी कॉम्प्रेसर गेला," तो म्हणाला. "मी पास केलेला. त्याची चिठ्ठी यात नाही."

मेहुण्याने डबा आपल्याकडे ओढला.

"उघडून बघितलास का तो?"

"रविवारी उघडणार होतो. कामावरच्या लोकांनी शनिवारीच नेला. घाई होती त्यांना."

"आवाज होता?"

"होता," मेहुणा म्हणाला. "डाव्या चाकाला."

"आणि सोडलास?"

"मला वाटलं, चार दिवस एकाच जागी उभा राहील. आज संध्याकाळी परत येईल."

"आज दुपारी तो डोंगरापलीकडच्या कामावर जातोय," मॅनेजर म्हणाला. हे त्याने पुटपुटलं नाही. तो फोनकडे धावला. पलीकडे फोन वाजत राहिला. जिथे कॉम्प्रेसर चालू असतो तिथे फोन कुणालाच ऐकू येत नाही, हा एका अर्थी सगळ्यांना समान न्याय होता.

पिकअपमध्ये जॅक, घोडी, पाने, नवी बेअरिंगं आणि ग्रीसचा डबा टाकून दोघंच निघाले. मेहुणा गाडी चालवत होता. वाटेत तो काही बोलला असेल तर ते कानसेनाला समजलं नाही, कारण कानसेन सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघायचं असा त्याने नुकताच निर्णय घेतला होता. आपल्याकडे असा एक पर्याय आहे, हे त्याला आजच कळलं होतं.

ते पोहोचले तेव्हा कॉम्प्रेसर ट्रकला जोडून झाला होता आणि ट्रकचं इंजिन चालू होतं. कानसेन गाडी थांबायच्या आत उतरला आणि दोन्ही हात पसरून ट्रकच्या पुढ्यात उभा राहिला. ट्रकवाला बरंच काही बोलला. ऐकू न येण्याचा त्या दिवसातला तो पहिला फायदा.

उजव्या चाकाखाली दगड लावले, डाव्या चाकाचे नट सैल केले, ट्रेलर उचलला, घोडी लावली. टोपण निघालं. आतली पिन कानसेनाची होती, एक पाय वर, एक कापलेला. स्वतःची सही तो क्षणभर बघत राहिला आणि मग पक्कडीने सरळ करून ती काढली. चाकाचा हब, म्हणजे मधला पोकळ गाभा, बाहेर आला. आतल्या बेअरिंगची रोलर धरून ठेवणारी जाळी तापून निळसर तपकिरी पडली होती आणि दोन रोलर जागेवर फिरायचे थांबले होते.

"डोंगरावर टिकलं असतं?" मेहुण्याने समोर येऊन विचारलं.

"चढताना टिकलं असतं," कानसेन म्हणाला.

हबच्या आत घट्ट बसलेलं जुनं कडं त्याने पितळी पंचाने बाहेर काढलं, एक ठोका इकडे, एक समोरच्या बाजूला, म्हणजे ते तिरकं होत नाही. मग नवं कडं ठोकून बसवायला घेतलं. कडं तळाला पोहोचलं की हातोड्याचा आवाज बदलतो, बद्द असतो तो टणक होतो, आणि तिथे थांबायचं असतं. तीस वर्षं कानसेन त्या आवाजाला थांबत आला होता. आज त्याने चार ठोके घातले आणि त्याचा हात हवेतच राहिला. पोहोचलं की नाही? चारही ठोके त्याला सारखेच वाटले होते. त्याला आठवलं की गेल्या वर्षभरातले सगळेच ठोके सारखे होते, आणि तरी तो प्रत्येक वेळी बरोबर जागी थांबल्यासारखा थांबला होता.

समोर उकिडव्या बसलेल्या मेहुण्याने एक बोट वर केलं: अजून. कानसेनाने ठोका घातला. बोट तसंच. पुन्हा ठोका. मग मेहुण्याने पंजा उघडला.

कानसेन थांबला. त्या पंजावर त्याने विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवायला जवळ दुसरं काही नव्हतं.

नवं बेअरिंग त्याने तळहातावरच्या ग्रीसमध्ये दाबत दाबत भरलं, ग्रीस वरच्या बाजूने बारीक शेवेसारखं बाहेर येईपर्यंत. हे हाताचं काम होतं आणि हात अजून त्याच्या बाजूने होते. सील बसवलं, हब चढवला, चाक फिरवत नट आवळला, मग किंचित सैल केला. मेहुण्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक आसाशी, मूठ कानामागे. डोळे मिटले. कानसेनाने चाक फिरवलं. अगदी त्याच्यासारखाच बसला होता पोरगा, मान जराशी डावीकडे कललेली. ही मान कललेली असते हे कानसेनाला आजपर्यंत माहीत नव्हतं. स्वतःला तसं बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

"गप्प आहे," मेहुणा ओठ नीट हलवत म्हणाला.

"पिन मी लावणार."

"लावा ना."

पिन लावून, टोपण ठोकून, हात पुसत कानसेन ट्रेलरच्या दांड्यावर बसला. "हे चाक डोंगरावर सुटलं असतं," तो म्हणाला, "तर पत्रकावर सही कुणाची होती?"

"तुमची."

"म्हणजे माणसं माझ्या सहीने मेली असती, आणि ते तुला माहीत असतं. मला नाही."

"भावोजी, मी दर रविवारी…"

"चोर असतास तर बरं झालं असतं रे. मी आठ दिवस तुला चोर समजत होतो, तेव्हा मला झोप तरी लागत होती. चोराने बेअरिंगं नेली असती. तू माझं काम काढून नेलंस, आणि त्या जागी मला खेळायला एक खोटं काम ठेवलंस. रोज सकाळी मी आंघोळ करून ते खेळायला येत होतो. आणि तुम्ही सगळे उभे राहून बघत होतात."

"कुणी हसलं नाही कधी," मेहुणा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "देवाशपथ. एकदाही नाही."

"तेच सांगतोय," कानसेन म्हणाला.

संध्याकाळी तो घरी पोहोचला तेव्हा बायको दार उघडून त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "अहो, हात धुवा, पान वाढते." गेल्या वर्षभरात तिला ही सवय लागली होती, काही बोलायचं तर समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलायचं. पूर्वी ती स्वयंपाकघरातून ओरडायची. या वयात जवळीक वाढते, असं कानसेनाला वाटलं होतं आणि ते त्याने मनात जपूनही ठेवलं होतं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

तिने नाही म्हणायचा प्रयत्न केला नाही. "हो."

"भावाने सांगितलं?"

"मी त्याला सांगितलं. तो विचारायला आला होता, भावोजींचं काही बिनसलंय का. मी म्हटलं, बिनसलं नाही, ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्या तुम्हाला ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हाच मला कळलं होतं."

"आणि मग तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत."

"दर शनिवारी तो फोन करायचा. कुठली चाकं बघायची आहेत, तुमचा मूड कसा आहे, काही संशय आलाय का."

"मी घरी नसताना."

"नाही. जेवण झाल्यावर."

"मी कुठे असायचो?"

बायकोने खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीकडे हात केला. "पेपर वाचत असायचात. मी इकडे तोंड करून बोलायची."

"म्हणजे माझ्याबद्दल, या खोलीत, मी इथे बसलेलो असताना."

"हो."

"कुजबुजत?"

"नाही हो," ती म्हणाली. तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "कुजबुजायची काय गरज होती?"

कानसेन जेवला. नेहमीपेक्षा एक घास जास्तच जेवला, कारण मध्ये थांबला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं. मग खुर्चीत जाऊन त्याने पेपर उघडला आणि तो डोळ्यांसमोर, जरा उंच धरला.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत पत्रकवाल्या बाईंपुढे उभा राहिला. "माझा रकाना पाच चुकीचा आहे. दुरुस्त करा."

"तो डॉक्टरांच्या दाखल्यावरून भरलाय," बाई म्हणाल्या. दाखला खरा होता. कंपनीचे डॉक्टर कर्मचाऱ्याला समोर बसवतात आणि मोठ्याने विचारतात, "ऐकू येतं ना?" ज्याला येत नाही तोही हो म्हणतो, कारण प्रश्न डोळ्यांना दिसतो.

"मी अर्ज देतो."

"अर्ज दिलात तर फाटकावर जाल. चार वर्षं राहिलीत तुमची. आम्ही इतकं सगळं केलं ते वाया घालवायला निघालात?"

"बाई, आवारातल्या झाडूवाल्यापासून माझ्या बायकोपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कागदालाही कळू दे."

त्याने अर्ज दिला. तीन प्रतींत, ठळक अक्षरात: माझी श्रवणशक्ती उत्तम नाही. मॅनेजरने तो पुढे पाठवला आणि मुख्य कार्यालयाकडून पाच आठवड्यांनी उत्तर आलं. अर्जदाराच्या नोंदीनुसार त्यांची श्रवणशक्ती उत्तम असल्याने सदर अर्जातील मजकूर अभिलेखाशी विसंगत आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. सोबत संदर्भासाठी क्षमता-पत्रकाची प्रत जोडली होती.

कानसेनाने ते उत्तर दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि शेडकडे गेला. तिथे एक जनरेटर जॅकवर उभा होता. मेहुणा आधीच घोडीशेजारी उकिडवा बसला होता, स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर ठेवून. तो वर बघून काहीतरी बोलायला गेला. कानसेनाने मान वळवली आणि चाकाला हात घातला.

यंदाचं वार्षिक क्षमता-पत्रक नुकतंच भरून झालं. मजकूर मागल्या वर्षीचाच आहे. वय तेवढं एकाने वाढलं. श्रवणशक्ती: उत्तम. विशेष कौशल्य: तेच. सहकाऱ्यांशी संबंध: सलोख्याचे, एक सहकारी नात्यातील. चाक कानसेन फिरवतो, कान मेहुणा लावतो, बोट वर झालं तर बेअरिंग बदलतात, पंजा उघडला तर सही होते. दोघं सात महिने एकमेकांशी बोललेले नाहीत.